मुलाची उंची वाढतेय की अडलीय? घरच्या घरी ओळखण्याची रीत

जूनमध्ये शिवलेली गणवेशाची पॅन्ट पुढच्या जूनलाही घोट्यापर्यंत नीट येत असेल, तर घरात कुजबुज सुरू होते. शेजारचा मुलगा वर्षभरात ताडमाड वाढलेला असतो आणि आपला अजून पहिल्याच रांगेत. मग कुणी दाराच्या चौकटीला लोंबकळायला सांगतं, कुणी पावडरचा डबा घेऊन येतं. पण सहा महिन्यांपूर्वी उंची किती होती आणि आज किती, हे विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर नसतं.

मुलगा बुटका आहे की उंच, हा प्रश्न नंतरचा. आधी वाढीचा वेग पाहायचा आणि मुलगा वयात येण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहायचं. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच उंचीच्या आकड्याचा अर्थ लागतो.

मोजायचं कसं

खाली स्कर्टिंगची पट्टी नसलेली सरळ भिंत निवडा. स्कर्टिंग असेल तर टाच भिंतीला टेकत नाही आणि मुलगा मागे रेलतो. त्याऐवजी दाराची सपाट चौकट चालेल. खाली फरशीच हवी, सतरंजी किंवा पायपुसणं नको. टेलरची कापडी टेप वर्षा-दोन वर्षांत ताणली जाते, म्हणून सुताराकडे असते तशी धातूची टेप वापरा. शून्य फरशीला टेकवून भिंतीवर पेन्सिलीने १२० सेंटिमीटरची खूण करा आणि पुढचं माप तिथून घ्या.

बूट-मोजे काढून मुलाला उभं करा. पाय जुळलेले, गुडघे सरळ, आणि टाचा, नितंब व खांदे भिंतीला टेकलेले. डोकं भिंतीला टेकलंच पाहिजे असं नाही. नजर समोर हवी. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आले की डोकं बरोबर आहे. हनुवटी जराशी वर गेली तरी आकडा बदलतो, आणि उंच दिसायचं म्हणून मुलं नेमकी तीच वर करतात. आता डोक्यावर काटकोन धरायचा. सुताराचा गुण्या उत्तम, नाहीतर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. त्याची एक बाजू भिंतीला पूर्ण चिकटलेली असू द्या आणि केस दबतील इतपत खाली दाबा. नुसती पट्टी डोक्यावर ठेवून खूण केली तर पट्टी तिरकी होते आणि सहज एक-दोन सेंटिमीटरची चूक येते.

माप लागोपाठ तीनदा घ्या, मुलाला दर वेळी बाजूला करून पुन्हा उभं करा, आणि सरासरी लिहा. तीन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक येत असेल तर पद्धत चुकतेय.

वेळही दर खेपेला तीच ठेवा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळची उंची संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटिमीटरने कमी होते. एकदा रविवारी सकाळी उठल्या उठल्या आणि पुढच्या वेळी शाळेतून दमून आल्यावर मोजलं, तर मुलगा वाढलाच नाही असं वाटेल.

उंची सेंटिमीटरमध्येच लिहा. फूट-इंचात घोळ होतो, कारण ‘५.५’ म्हणजे कुणाला ५ फूट ५ इंच वाटतात आणि कुणाला साडेपाच फूट. पहिले १६५.१ सेंमी, दुसरे १६७.६.

वेगाचं गणित सोपं आहे. समजा १२ जूनला १४८.२ आणि १० डिसेंबरला १५०.६ सेंमी भरली. वाढ २.४ सेंमी, मधले दिवस १८१. २.४ ला ३६५ ने गुणून १८१ ने भागलं की वर्षाचा वेग ४.८ सेंमी येतो. सहा महिन्यांपेक्षा कमी अंतराच्या मापांवरून हे गणित करू नका. दोन मापांत मिळून अर्ध्या सेंटिमीटरची चूक असली, तर तीन महिन्यांच्या हिशेबात ती वर्षाला दोन सेंटिमीटर होऊन बसते. दर महिन्याला मोजणाऱ्या घरांत वाढीपेक्षा भांडणंच जास्त होतात.

घड्याळ वयाचं नाही, टप्प्याचं

वर्षाला ४.८ सेंमी हा वेग चांगला की वाईट? वयात यायला सुरुवातच झाली नसेल तर ठीक आहे. त्या काळात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतात आणि झेप सुरू होण्याच्या थोडं आधी वेग आणखी मंदावतो. पण मुलगा वयात येण्याच्या ऐन मध्यावर असेल, तर ४.८ कमी आहे. त्या वर्षी ९-१० सेंमी वाढ अपेक्षित असते.

हा टप्पा ओळखायचा कसा? मिसरूड फुटणं ही सुरुवात आहे असं बहुतेकांना वाटतं, पण ती बरीच पुढची पायरी. मुलांमध्ये पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं. हे ९ ते १४ या वयात कधीही सुरू होऊ शकतं, बहुतेकांत ११-१२ च्या आसपास. डॉक्टरांकडे वेगवेगळ्या आकाराच्या अंडाकृती मण्यांची माळ असते, तिच्याशी तुलना करून ते आकार ठरवतात. ४ मिलीचा मणी जुळला की वयात यायला सुरुवात झाली. पुढे जांघेत केस येतात, लिंगाची वाढ होते, आणि वृषणांचा आकार १० ते १२ मिलीच्या घरात असताना, साधारण साडेतेरा-चौदाव्या वर्षी, उंची सर्वांत जोरात धावते. आवाज फुटतो तो याच सुमारास. गालांवर पूर्ण दाढी येईपर्यंत धाव जवळपास संपलेली असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत या काळात मुलगा साधारण २५ ते ३० सेंमी वाढतो.

घरात सहज दिसणारी आणखी एक खूण म्हणजे चपला. आधी हाताचे पंजे आणि पावलं वाढतात, मग तंगड्या, शेवटी धड. सहा महिन्यांत बुटाचा नंबर दोनदा बदलावा लागला, तर उंचीची झेप जवळ आली आहे. बुटाचा नंबर वाढायचा थांबला म्हणजे उंची थांबली असं मात्र नाही. पावलं लवकर थांबतात, पाठ नंतरही वाढत राहते. अशा काळात मुलगा वेंधळा होतो, वस्तू सांडतो, खेळताना धडपडतो. लांबी आधी येते आणि ताकद नंतर, त्याला त्याचा इलाज नाही. लांबीच्या मानाने हाडंही अजून पुरती भरलेली नसतात, म्हणून पडल्यावर मनगटाजवळ हाड मोडण्याचं प्रमाण नेमकं याच वयात जास्त असतं.

याचा उलगडा एकदा झाला की वर्गातल्या रांगेचाही होतो. सातवीत सगळ्यात उंच असलेला मुलगा कदाचित लवकर वयात आला असेल, तो लवकर थांबेलही. नववीत पहिल्या रांगेतला मुलगा कदाचित उशिरा सुरू होईल आणि कॉलेजात गेल्यावर वाढेल. वडिलांना विचारा: तुमची उंची दहावीनंतर वाढली का? दाढी मित्रांपेक्षा उशिरा करायला लागलात का? उत्तर ‘हो’ असेल तर मुलाचंही घड्याळ बहुधा तसंच आहे.

आईवडिलांकडून काय मिळालं

वडिलांची आणि आईची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, बेरजेत १३ मिळवा आणि दोनाने भागा. वडील १६८, आई १५४, तर (१६८ + १५४ + १३) ÷ २ = १६७.५ सेंमी. याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ सेंमी, म्हणजे १५९.५ ते १७५.५, एवढ्या पट्ट्यात मुलगा बसण्याची शक्यता जास्त. आईवडिलांना मोजून घ्या, विचारून नको. वडील हटकून दोन-तीन सेंटिमीटर वाढवून सांगतात.

मुलाची उंची कोणत्या तक्त्यावर मांडायची हेही महत्त्वाचं. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे बालतज्ज्ञ डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकन तक्ता वापरला तर आपली बरीच धडधाकट मुलं उगाच खालच्या रेषांवर दिसतात. तक्त्यावरच्या सर्वांत खालच्या रेषेला तिसरा पर्सेंटाइल म्हणतात. शंभर निरोगी मुलांतली तीन मुलंही त्या रेषेखाली असतात, म्हणजे रेषेखाली असणं हा आजार नव्हे. पण आईवडील दोघे मध्यम उंचीचे आणि मुलगा मात्र रेषेखाली, हे जुळत नाही. तिथे कारण शोधायला हवं.

ताटात काय हवं

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणांनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला रोज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं, १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २२ मिलिग्रॅम लोह लागतं. १६ ते १८ मध्ये प्रथिनं ५५ ग्रॅम आणि लोह २६ मिलिग्रॅमपर्यंत जातं. उष्मांक २८६० आणि ३३२० किलोकॅलरी, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त. ‘किती खातोस’ असं या वयात मुलाला म्हणू नका.

कॅल्शियमचा हिशेब असा: दोन मोठे कप मिळून ४०० मिली दूध, त्यातून साधारण ४८० मिलिग्रॅम. ५० ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी, १८० च्या आसपास. एक वाटी दही १५०. न सोललेल्या तिळाची चटणी दोन चमचे, शंभरच्या वर. राजगिऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी असेल तर हजाराचा आकडा आरामात गाठला जातो. कोकणात सुकट आणि जवळा कवचासकट खाल्ले जातात, त्यातून भरपूर मिळतं. दूध पचत नसेल तर दही-ताक बहुतेकांना चालतं. पण पातळ ताकात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून त्याला दुधाच्या जागी धरू नका.

प्रथिनांचं पाहा. वरचं दूध १३ ग्रॅम, दोन अंडी १२, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १४, दिवसभराच्या पोळ्या-भाकऱ्या १५, मूठभर शेंगदाणे ७. बेरीज साठच्या वर गेली. अंडी वगळली तर त्याऐवजी २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यातून १३ मिळतात. बाजारातली प्रोटीन पावडर या ताटात काहीच नवीन टाकत नाही.

गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. सकाळच्या सत्राची शाळा असली की नाश्ता म्हणजे चहा-बिस्कीट. डब्यात पोळी-बटाटा. संध्याकाळी क्लासला जाताना वडापाव. रात्री भूक मेल्यावर पोळी-भाजीचे चार घास. पोट भरतं, पण डाळ, दूध, अंडं यांतलं काही दिवसभरात पोटात जातच नाही. सगळं ताट बदलण्यापेक्षा दोन जागा धरा. सकाळी दूध आणि अंडं किंवा मूगडाळीचं धिरडं, संध्याकाळी क्लासआधी फुटाणे-शेंगदाणे आणि केळं. आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. चहातलं टॅनिन डाळी-भाज्यांमधलं लोह शोषू देत नाही. वरून लिंबू पिळलं तर उलट जास्त शोषलं जातं.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि जंताची गोळी कचऱ्यात जाऊ देऊ नका. जुना रक्तक्षय वाढीला खीळ घालतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच घ्या. ती जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळचं ऊन हात-पाय उघडे ठेवून घेतलेलं बरं.

झोप आणि व्यायाम

१३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. वाढीचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवतं ते गाढ झोपेत, विशेषतः झोप लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. एखाद्या रात्रीच्या जागरणाने उंची कमी होत नाही. महिनोन्‌महिने पाच-सहा तासच झोप मिळाली, तर भूक, वजन आणि अभ्यास सगळ्यावर परिणाम दिसतो.

लोंबकळून उंची वाढत नाही. मणक्यातल्या चकत्या थोड्या वेळापुरत्या मोकळ्या होतात, संध्याकाळी पुन्हा तेच. बास्केटबॉल खेळणारी मुलं उंच दिसतात कारण उंच मुलांनाच संघात घेतात. रोज तासभर खेळ, पळणं, सूर्यनमस्कार, मल्लखांब, जे आवडेल ते करू द्या. हाडं मजबूत होतात आणि पोक निघतो. योग्य शिक्षकाच्या देखरेखीखाली हलकं वजन उचलल्याने उंची खुंटत नाही. चुकीच्या पद्धतीने जड वजन उचलून कंबर धरते, तो वेगळा प्रश्न.

खेळणाऱ्या १२ ते १५ वयाच्या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखत असेल, तिथे टेंगूळ आलं असेल, तर बहुधा वाढत्या हाडावर स्नायूंचा ताण येतोय. उड्या आणि धावणं काही आठवडे कमी करा, खेळून आल्यावर बर्फ लावा. पण वजनदार मुलगा लंगडतोय आणि मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणतोय, तर त्याला चालवू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. खुब्याच्या गोळ्याचं टोक जागेवरून सरकलेलं असू शकतं. दुखणं गुडघ्यात जाणवतं म्हणून फोटो गुडघ्याचाच काढला जातो आणि खुब्याचा आजार निसटतो. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा.

पैसे जातात कुठे

उंची वाढवणारे कॅप्सूल, चूर्ण, इनसोल, ताणण्याचे पट्टे यांपैकी कशानेही हाड लांबत नाही. हाड लांबतं ते टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांमधून. त्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात, आणि त्या मिटल्या की खेळ संपला. जिममध्ये मिळणारी स्नायू वाढवणारी स्टेरॉइड सर्वांत घातक, कारण शरीरात त्यांतल्या काहींपासून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होतं आणि मुलांमध्येसुद्धा या पट्ट्या मिटवतं ते इस्ट्रोजेनच. मुलगा चार महिने भरदार दिसतो आणि कायमचा बुटका राहतो. लेबल नसलेल्या जडीबुटीच्या पुड्यांमध्ये दुसऱ्या प्रकारची स्टेरॉइड मिसळलेली आढळतात. त्यांनी चेहरा गोल होतो, वजन वाढतं आणि उंची अडते. दम्याचा पंप मात्र या भीतीने बंद करू नका. त्यातल्या औषधाने उंचीत पडलाच तर सेंटिमीटरभराचा फरक पडतो, आणि न आवरलेला दमा त्याहून जास्त नुकसान करतो.

हस्तमैथुनाने किंवा झोपेत वीर्य गेल्याने उंची खुंटते, अशक्तपणा येतो, हे खोटं आहे. मुलगा हे विचारणार नाही, म्हणून न विचारताच सांगून टाका. निम्म्या मुलांत वयात येताना छातीच्या बोंडाखाली गाठ येते, दुखतेही. बहुतेकांची एक-दोन वर्षांत जिरते. शर्ट सैल घाला आणि सारखी दाबून पाहू नका.

डॉक्टरकडे केव्हा आणि काय घेऊन

वयात यायच्या आधीच्या मुलाचा वेग वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी, उंची तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेखाली, १४ पूर्ण होऊनही वृषण वाढलेले नाहीत, किंवा उलट ९ च्या आतच वाढले, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. सतत डोकेदुखी, दिसायला कमी, वारंवार जुलाब, खूप तहान-लघवी, हीदेखील कारणं. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करा. त्या आजारात वाढ आणि वयात येणं दोन्ही लांबतं.

सोबत मापांची वही, आईवडिलांची मोजलेली उंची, जन्माचं वजन आणि शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड न्या. साधारणपणे हिमोग्लोबिन, थायरॉइड, किडनी, कॅल्शियम, गव्हाच्या अ‍ॅलर्जीसारख्या सिलियाक आजाराची तपासणी आणि डाव्या हाताचा एक्स-रे होतो. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत आणि हाडांतून रक्तात येणारं एक विकर) लाल अक्षरात आलेलं पाहून काविळीची शंका घेऊ नका. लॅबची मर्यादा मोठ्यांसाठीची असते, आणि झेपेतल्या मुलाचा आकडा वाढणाऱ्या हाडांमुळे त्याच्या दुप्पट-तिप्पट येऊ शकतो. ‘ग्रोथ हार्मोन’ची, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची, कुठल्याही वेळी रक्त घेऊन केलेली एकच तपासणी करून घेऊ नका. ते लाटांनी स्रवतं, मधल्या वेळी निरोगी मुलातही शून्याजवळ दिसतं.

डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं, म्हणजे हाडं वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहेत ते. हाडांचं वय १३ असताना मुलाने आपल्या अखेरच्या उंचीचे साधारण ८८ टक्के गाठलेले असतात, १४ ला ९३, १५ ला ९७, १६ ला ९८. आता पंधरा वर्षांची, १५५ सेंमीची दोन मुलं घ्या. एकाची हाडं १३ वर्षांची, तो १७५ च्या आसपास जाऊ शकतो. दुसऱ्याची हाडं १५ चीच, तो १६० वर थांबेल. अंदाजात चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होतात, आणि मागे पडलेल्या हाडांचा अंदाज बहुधा थोडा जास्तच येतो.

पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हा एक्स-रे सोळाव्या वर्षीच काढून घ्यावा. पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंमी आहे. अठराव्या वर्षी ग्रोथ प्लेट मिटलेल्या आणि उंची १६२ असेल, तर कोणतीही अकॅडमी ती वाढवू शकत नाही. सोळाव्या वर्षी कळलं तर दुसऱ्या परीक्षेची तयारी करायला दोन वर्षं हातात राहतात. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. ज्यांच्यात ते संप्रेरक कमी आहे किंवा ठरावीक आजार आहेत त्यांच्यासाठी ती आहेत. नुसतं घड्याळ उशिराचं असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा थांबायलाच सांगतात, फार उशीर असेल तर टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाची थोडी मात्रा काही महिने देतात.

तपासणीच्या शेवटी पाच मिनिटं बाहेर बसा आणि मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. सरकारी दवाखान्यांतली ‘मैत्री’ क्लिनिक किशोरवयीन मुलांसाठीच आहेत, तिथे तो एकटाही जाऊ शकतो.